सोसायटीच्या अंगणात प्लॅस्टिकचं गवत घालावं का?

खजिनदारीण

नमस्कार मंडळी. प्रश्न गवताचा आहे, पण सोसायटीत दोन तट पडलेत म्हणून इथे विचारते.

मुलुंड पूर्वेला आमची १९८६ सालची चार मजली सोसायटी. दोन विंगांच्या मधे तीन हजार चौरस फुटांचं मोकळं अंगण आहे, नकाशात आरजी (म्हणजे खेळायला-बसायला मोकळी ठेवायची जागा) म्हणून दाखवलेलं. अर्ध्यावर आंब्याची सावली, उरलेल्या अर्ध्यात दिवसभर ऊन. २०१९ मध्ये हौसेने मेक्सिकन लॉन लावलं, ते चौकोनी गालिच्यांसारखं विकत मिळणारं गवत. पहिले सहा महिने लोक चपला काढून चालायचे, फोटो काढायचे. दोन वर्षांत आंब्याखालचं गेलं, मग उन्हातलं पिवळं पडलं. २०२४ च्या जूनमध्ये मुंबईत दहा टक्के पाणीकपात झाली तेव्हा उरलंसुरलंही संपलं. लोक बादल्या भरून ठेवत असताना गवताला पाइप लावायची कोणाची छाती होणार? आता तिथे नुसती लाल माती आहे. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल, आणि तळमजल्यावरच्या काकूंच्या पायऱ्या बारा महिने लाल.

तर कमिटीपुढे कृत्रिम गवताचा प्रस्ताव आलाय. खाली चार इंच पीसीसी (साधं काँक्रीट), वर चाळीस मिलिमीटरचं गवत, त्यात वाळू. विक्रेत्याने हातभर नमुना आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, नो वॉटर, नो मेंटेनन्स, दहा वर्षं बघायलाच नको." कमिटीतले तरुण तिथल्या तिथे विरघळले.

मी खजिनदार (गेली अकरा वर्षं, दुसरं कोणी घेत नाही म्हणून). पैशांचं मी बघून घेईन. पण सभेत एक निवृत्त मास्तर उठले आणि म्हणाले, "२०१८ ला प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा आपण जिन्यात पिशव्या गोळा केल्या होत्या. आता अंगणभर प्लॅस्टिक अंथरायचं?" लगेच मागून उत्तर आलं, "आणि टँकर मागवून गवत जगवलं की पर्यावरण का?" मला दोघांचंही पटलं. हीच अडचण आहे.

त्यात घरातलंच एक. माझा नातू आठवड्यातून दोनदा टर्फवर, म्हणजे भाड्याच्या कृत्रिम गवताच्या मैदानावर, फुटबॉल खेळतो. आला की बूट दारात उलटे करतो आणि काळे दाणे पडतात, मोहरीसारखे. दोन आठवडे मी ते झाडून एका डबीत भरले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १९ ग्रॅम भरले. एका पोराच्या एका जोडीतले. बाकीचे कुठे जात असतील?

कोणी खरा हिशेब मांडून दाखवेल का? "झाडे लावा" छापाचे प्रतिसाद नकोत. आंबा आहे.

---

टर्फवर_भेटू

काकू, मी घोडबंदरला टर्फ चालवतो, त्यामुळे शिव्या खायच्या तयारीनेच आलोय. 😀

आधी एक गोंधळ दूर करतो. ते काळे दाणे म्हणजे जुन्या टायरांचा चुरा. चेंडूला उसळी मिळावी आणि पडलं तर गुडघा फुटू नये म्हणून फुटबॉलच्या टर्फमध्ये घालतात. तुमच्या अंगणात शोभेचं गवत येणार, त्यात फक्त वाळू असते. डबीतला प्रकार तुमच्याकडे होणार नाही.

दुसरं, आमच्या धंद्याची बाजू. माझं मैदान सकाळी सहाला उघडतं, रात्री एकला बंद होतं. जुलैतसुद्धा. खरं गवत असं आठवडाभर तुडवलं तर गोलसमोर नुसता चिखल राहील. मुंबईत पोरांना मैदानं किती आहेत ते तुम्ही जाणताच. आझाद मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क सोडलं तर ऑफिसवाल्याने रात्री दहाला कुठे खेळायचं? हॉकी तर १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकपासूनच कृत्रिम मैदानावर गेली, आणि त्या मैदानांवर सामन्याआधी पाणी मारतात, तेव्हा "नो वॉटर" हे सगळीकडे खरं नाही.

पण तुमच्या अंगणात रोज एवढे तास कोणी खेळणार आहे का? नसेल तर माझी ही सगळी वकिली तुम्हाला लागू नाही. खरं सांगतो, एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार माझं टर्फ रिकामं असतं. स्लॉट अर्ध्या भावात दिला तरी कोणी घेत नाही. पाय भाजतात.

---

मातीमोल

मी लँडस्केपिंगची कामं घेतो. खरंही लावतो, खोटंही लावतो, गिऱ्हाईक म्हणेल ते.

ताई, तुमचं लॉन मेलं त्यात पाणीकपातीचा दोष शेवटचा. मेक्सिकनला उघडं ऊन लागतं. आंब्याखाली ते लावणाऱ्याने तुमचे पैसे घेतले, एवढंच झालं. आणि "खरं गवत" म्हणजे काय तेही ऐका. ते चौकोनी गालिचे बहुतेक पुण्याजवळच्या उरळी कांचनच्या बाजूने येतात, ट्रकात थप्प्या लावून. प्रत्येक तुकड्याखाली बोटभर माती असते. ती माती कुठल्या तरी शेतातून खरवडून निघालेली असते आणि पुन्हा तिथे जात नाही. मग इथे आल्यावर युरिया, तणनाशक, पेट्रोलचं कटर. त्यामुळे लॉनलाही पुण्यवान समजू नका.

आता खोट्याचं सांगतो. गेल्या वर्षी एका इमारतीच्या पोडियमवरचं सात वर्षांचं कृत्रिम गवत काढायचं काम मिळालं. पात्यांचे शेंडे उन्हाने इतके कडक झाले होते की हात फिरवला तर हिरवा भुगा तळव्याला लागायचा. दिवाळीत पोरांनी फुलबाज्या टाकल्या होत्या, तिथे रुपयाएवढी काळी भोकं. ते असू दे, खरी गंमत काढताना. आत वाळू, वाळूत सात पावसाळ्यांचा गाळ, कबुतरांची घाण, आणि सगळं ओलं. मीटरभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या तरी एक गुंडाळी उचलायला चार माणसं. भंगारवाल्याला बोलावलं. त्याने एक पट्टी उलटी केली, मागचा काळा लेप नखाने खरवडून बघितला आणि म्हणाला, "सेठ, ये कुछ नहीं है." पाती एका प्लॅस्टिकची, खालचं कापड दुसऱ्या, लेप तिसऱ्याच कशाचा, आणि सगळ्यात वाळू घुसलेली. कोण वेगळं करणार? शेवटी डेब्रिजच्या गाडीत गेलं.

विक्रेत्याला एकच विचारा, दहा वर्षांनी तू परत घेऊन जाशील का. आणि ते लिहून घ्या.

---

पॉलिमरवाला

निवृत्त केमिकल इंजिनिअर, डोंबिवली. आयुष्यभर पॉलिथिलिन बनवलं, त्यामुळे त्याच्याशी वैर नाही.

खजिनदारबाईंना हिशेब हवाय, घ्या. तीन हजार चौरस फूट म्हणजे २८० चौरस मीटर. असं गवत मागच्या लेपासकट चौरस मीटरला अडीच किलोच्या आसपास भरतं. म्हणजे सातशे किलो प्लॅस्टिक. एक किलो पॉलिथिलिन बनवताना साधारण दोन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणून धरा १.४ टन.

आता खरं लॉन. उन्हाळ्यात गवत दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी पितं. चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. २८० गुणिले साडेचार, म्हणजे रोज १,२६० लिटर. माणशी १३५ लिटरच्या सरकारी मापाने नऊ माणसांचं पाणी तुमचं अंगण पिणार. पाऊस नसलेले सव्वादोनशे दिवस धरले तर २ लाख ८० हजार लिटर, दहा हजारी टँकर २८. टँकर जाऊन-येऊन वीस किलोमीटर धावला, लिटरला चार किलोमीटर पडले, तर खेपेला पाच लिटर डिझेल आणि तेरा-साडेतेरा किलो कार्बन. वर्षाला पावणेचारशे किलो. चार वर्षांत टँकरवरच्या लॉनने प्लॅस्टिकला गाठलं!

मास्तरांना हे आवडणार नाही. पण थांबा, तुमच्या कोटेशनमधली खरी मेख पीसीसी आहे. २८० चौरस मीटरवर चार इंच म्हणजे २८ घनमीटर काँक्रीट, सिमेंटच्या सव्वाशे गोण्या. किलो सिमेंटमागे सहाशे-सातशे ग्रॅम कार्बन धरला तरी चार टन झाले. गवताच्या जवळजवळ तिप्पट, आणि ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही कारण वरून हिरवं झाकलेलं असतं.

पाण्याचं तेच. मुलुंडच्या अंगणात जून ते सप्टेंबर दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो. २८० चौरस मीटरवर साडेपाच लाख लिटर. सगळं काही जिरत नाही, जोराच्या सरीत बरंचसं वाहूनच जातं, पण माती उघडी असली तर काही तरी मुरतं. काँक्रीट टाकलंत की सगळं गटारात. नंतर गेटवर गुडघाभर पाणी साचलं की महापालिकेला फोन करायचा.

टायरच्या दाण्यांबद्दल: एका पूर्ण आकाराच्या फुटबॉल मैदानात ते शंभर टनांच्या घरात असतात आणि दर वर्षी वरून भर घालावी लागते. भर का लागते, ते तुमच्या डबीत आहे. युरोपीय संघाने सप्टेंबर २०२३ मध्ये अशा दाण्यांच्या विक्रीवर बंदीचा नियम केला, मैदानांना आठ वर्षांची मुदत दिली. तुमच्या शोभेच्या गवतात दाणे नसले तरी पाती झिजतातच. बार्सिलोनाजवळच्या समुद्राच्या पाण्यात संशोधकांना असे हिरवे धागे सापडलेत. मुलुंडचं गटार कुठे जातं? खाडीत.

अवांतर: अमेरिकेत ह्यूस्टनला १९६५ मध्ये ॲस्ट्रोडोम नावाचं छतवालं प्रचंड स्टेडियम उघडलं. आत खरं गवत, वर पारदर्शक छत. चकाकीने खेळाडूंना चेंडू दिसेना म्हणून छताला रंग मारला. ऊन अडलं, गवत मेलं, आणि १९६६ मध्ये तिथे प्लॅस्टिकचं अंथरलं. स्टेडियमवरून त्या गवताला ॲस्ट्रोटर्फ नाव पडलं. तुमच्या आंब्याने तेच केलं, फक्त आंबे देऊन.

---

नेवाडाकर

मूळचा ठाण्याचा, वीस वर्षं लास वेगासला. आमच्याकडे उलटी गंगा. कोलोरॅडो नदीचं पाणी आटत चाललंय म्हणून २०२१ मध्ये कायदा झाला: रस्त्याच्या दुभाजकावरचं, ऑफिसांपुढचं, ज्यावर कोणी पाय ठेवत नाही असं खरं गवत २०२६ अखेरपर्यंत काढायचं. (घरांच्या अंगणांना हा नियम नाही.) पण इथे वर्षाला शंभर मिलिमीटर पाऊस. तुमच्याकडे तो एका दुपारी पडतो. आमचं बघून मुंबईत प्लॅस्टिक टाकू नका, आणि आमची पूर्वीची लॉनं बघून मेक्सिकनही लावू नका.

---

खजिनदारीण

सगळ्यांचे आभार. पॉलिमरवाले, तुमचा हिशेब वहीत उतरवून घेतला आणि दोनदा तपासला. (सवय.) पीसीसीचं खरंच कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कोटेशनमध्ये ते "बेस प्रिपरेशन" या नावाखाली लपलं होतं.

आता मी काय केलं ते सांगते. विक्रेत्याचा नमुना माझ्याकडेच होता. रविवारी दुपारी दीड वाजता तो अंगणात उन्हात ठेवला, तासभर तापू दिला. मग करोनाच्या वेळी सोसायटीने घेतलेली ताप मोजायची बंदूक काढली. गेटवर कपाळाला लावायचो ती. आंब्याखालच्या पालापाचोळ्यावर धरली, आकडा आला. भिंतीच्या कडेला पिंपाच्या गळक्या नळापाशी आपोआप वाढलेलं हिरवं गवत आहे, तिथेही आला. नमुन्यावर धरली तर यंत्र नुसतं "हाय" म्हणालं. पुन्हा धरली, पुन्हा "हाय". मला वाटलं बिघडली. नातू म्हणाला, आजी, माणसाच्या तापाची आहे ती, त्याच्या वर मोजतच नाही. म्हणजे यंत्राने चक्क हाय खाल्ली.

मग एसी दुरुस्तीला येणाऱ्या मुलाला थांबवून घेतलं, त्याच्याकडे कामाची बंदूक असते. दुपारी अडीचचे आकडे: गळक्या नळाजवळचं गवत ३६, पाचोळा ३५, उघडी माती ४९, पार्किंगचे पेव्हर ५३, प्लॅस्टिकचा नमुना ६४. सेल्सिअस. नमुन्यावर अर्धा तांब्या पाणी ओतलं. लगेच ४० वर आला, आणि पंधरा मिनिटांत परत साठीच्या पुढे. म्हणजे उन्हात पोरांना खेळवायचं तर पाणी मारावंच लागणार. शिवाय आमच्याकडे कबुतरं आहेत. ज्यांच्याकडे आहेत त्यांना जास्त सांगायला नको. धुवावं लागणारच. "नो वॉटर"ला माझ्याकडून फुली.

पण मला खरं सुचलं ते त्या गळक्या नळापाशी. वाकून बघितलं तर ती हरळी होती. गणपतीत आम्ही बायका ज्या दूर्वा शोधत स्टेशनजवळच्या फुलवालीकडे जुडीला वीस रुपये मोजतो, त्या. कोणी लावली नाही, कोणी युरिया घातला नाही. नळापासून लांब गेली तशी वाळून तपकिरी झालेली, पण मुळं घट्ट. उपटायला गेले तर नख दुखलं. मला आठवलं, २०२५ मध्ये २६ मेलाच पाऊस आला तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळं अंगण असंच हिरवं झालं होतं. हरळी, टाकळा, केना. आणि आम्ही काय केलं? सभासदांची तक्रार आली म्हणून माळ्याला बाराशे रुपये देऊन काढून टाकलं. ते व्हाउचर माझ्याच सहीचं आहे.

मातीमोल, हरळीने चालेल का? आम्हाला मे महिन्यात हिरवं नसलं तरी चालेल, असं मी सभेत म्हणायचं ठरवलंय. सगळा खर्च, पाण्याचा काय नि प्लॅस्टिकचा काय, मला तरी त्या एका हट्टाचा दिसतोय, की बारा महिने हिरवं दिसलं पाहिजे.

---

मातीमोल

चालेल की. उन्हातल्या अर्ध्यात हरळीच लावा. गालिचे घेऊ नका, जूनमध्ये पाऊस धरला की कांड्या टोचायच्या, वीतभर अंतरावर. पहिले दोन महिने दोरी बांधून पोरांना बाहेर ठेवा. त्याआधी माती खणून भुसभुशीत करा, इतकी वर्षं तुडवून ती विटेसारखी झाली असेल. कंपोस्ट तुमच्याच ओल्या कचऱ्याचं होत असेल तर तेच घाला. युरिया नको. उन्हाळ्यात वाळेल, वाळू दे, ती मरत नाही. फार वाटलं तर आठवड्यातून एकदा पाणी. गुडघ्याएवढी वाढू दिलीत तर मात्र लोक सापाची भीती घालतील, तेव्हा पावसाळ्यात पंधरा दिवसांनी कापायची.

आंब्याखाली गवताचा नाद सोडा. पाचोळा राहू द्या, कडेने मोंडो ग्रास लावा (नावापुरतं गवत, सावलीत वाढतं), दोन बाकडी टाका. आणि काकूंच्या पायऱ्यांपाशी तीन फुटांची खडीची पट्टी करा, निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

हे सांगून मी माझंच काम घालवलं.

---

टर्फवर_भेटू

काकू, ते ६४ वाचून मी माझ्याकडे मोजलं. काळे दाणे आहेत ना, ६९ आलं. 😬 दुपारचा स्लॉट मे महिन्यात बंदच करतोय. आणि पाणी निघून जायच्या जाळीवर बारीक कापड लावलंय, एका आठवड्यात अर्धी बादली दाणे अडकले. तुमच्या डबीमुळे.

---

खजिनदारीण

सभा काल झाली. मास्तर वगळता कोणालाच "वाळलेलं गवत" हे शब्द आवडले नाहीत. पीसीसीच्या गोण्यांचा आकडा सांगितल्यावर मात्र शांतता पसरली. आणि एसीवाल्या मुलाचे आकडे फळ्यावर लिहिल्यावर तरुण मंडळींपैकी दोघं आमच्या बाजूने आले. रांगणारी पोरं आहेत त्यांची.

ठराव असा झाला: प्लॅस्टिकचा प्रस्ताव दिवाळीपर्यंत बाजूला, उन्हातल्या अर्ध्यात जूनमध्ये हरळी, खडीची पट्टी लगेच. खडीचा खर्च सात हजारांच्या आत बसवायचा आहे, त्याबद्दल कोणाला भाव माहीत असेल तर सांगा. दोरी माझ्याकडे आहे.

नमुन्याचा तुकडा विक्रेत्याला परत न्यायला सांगितला होता, तो आलाच नाही. वॉचमनने केबिनच्या दारात पायपुसणं म्हणून टाकलाय. तिथे दिवसभर सावली असते, त्यामुळे तापत नाही. लाल माती छान धरून ठेवतो.